बेचाळीसचं भजन, पंचावन्नची गीता

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं एक हिंदी भजन बेचाळीसच्या दिवसांत वऱ्हाड, वर्धा, नागपूर आणि चांद्याच्या गावागावांत घुमलं. परकी सत्ता समोर उभी आहे असं धरून ते गायलेलं आहे. आता कशाला एवढा धिंगाणा, देशाला कशाला छळता, आमचा नाथ निघालाच आहे, अशा दमात ते सुरू होतं. पुढे गावाभोवतीची एकेक साधी वस्तू लढ्यात उतरते. झुडपांची शस्त्रं होतात, धोंड्यांचे बाँब होतात, भजनी मंडळी फौज होते आणि नाव तीराला लागते. खंजिरीवर गायलेलं हे भजन ऐकून माणसं घरी परतली ती वेगळी होऊन परतली, असं त्या पिढीतल्या अनेकांनी सांगून ठेवलं आहे.

याच कवीची ग्रामगीता १९५५मध्ये प्रसिद्ध झाली. एकेचाळीस अध्याय, ४६७५ ओव्या. तिच्यात गावातली गटारं आहेत, उकिरडे आहेत, गोठ्यातली जनावरं आहेत, लग्नात उडवला जाणारा पैसा आहे, बाईच्या वाट्याला येणारा अन्याय आहे. बाँब कुठे नाही, फौज कुठे नाही. म्हणून आपण सहसा या दोन रचना दोन कपाटांत ठेवतो. भजन जातं स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात, ग्रामगीता जाते पारायणाच्या पाटावर. एक तरुणपणीचा अंगार आणि दुसरा प्रौढपणीचा बोध, अशी सोयीची वाटणी होते. ही वाटणी मला मान्य नाही. भजन आणि ग्रामगीता हे एकाच कवितेचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध आहेत. मधली तेरा वर्षं विदर्भाच्या आधुनिक इतिहासातली मोठ्या खळबळीची वर्षं होती. त्यांच्यासकट वाचलं तरच दोन्ही रचनांचा पूर्ण अर्थ हाती येतो.

कवीची जडणघडण थोडक्यात आठवू. माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू, आणि 'तुकड्या' हे नाव त्यांचंच. रानावनातली साधना, पंढरीची ओढ, गावोगावची भजनं असा प्रवास करत १९३५मध्ये महाराज मोझरीला स्थिरावले आणि गुरुकुंज उभं राहिलं. तिवसा तालुक्यातली ही जागा अमरावती-नागपूरच्या हमरस्त्यावर आहे, दाट अरण्यात किंवा नदीच्या एकांत घाटावर नाही. संतानं आश्रमासाठी वाहता रस्ता निवडावा यातच त्याच्या अध्यात्माची दिशा दिसते. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला राहून आले. म्हणजे ज्या गायकाच्या तोंडी शस्त्रांची भाषा आली, त्यानं अहिंसेचं घर आतून पाहिलेलं होतं. भजनाचं वाचन करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता भजनाकडे बारकाईनं पाहू. पहिली लक्षात येणारी गोष्ट म्हणजे बोलण्याचा रोख. भक्तिपर रचना सहसा देवाशी बोलते, नाहीतर भाविकाला उपदेश करते. इथे कवी थेट जुलमी सत्तेशी बोलतो, आणि बोलताना तिला घाबरत नाही. स्वर विनवणीचा तर नाहीच, शिव्याशापाचाही नाही. ज्याचा निकाल आधीच लागला आहे त्याला समज द्यावी तसा तो आहे. गावातला कास्तकार ज्या पोलीस पाटलापुढे, तहसीलदारापुढे मान खाली घालून उभा राहत असे, त्या सगळ्या उतरंडीच्या शिखराला हा खंजिरीवाला बुवा सरळ हटकतो. ऐकणारा मागून ध्रुवपद धरतो, म्हणजे हटकण्यात तोही सामील होतो. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला प्रश्न विचारण्याचा अनुभव शेकडो माणसांना या भजनानं दिला, तोही एकट्यानं विचारण्याची जोखीम न घेता.

दुसरी गोष्ट काळाची. भजनातलं सगळं भविष्यात आहे. नाथ येईल, झुडपं शस्त्रं होतील, नाव लागेल. आपल्या भक्तिपरंपरेत देवाच्या धावून येण्याच्या कथा लहानपणापासून कानावर असतात. गजेंद्रासाठी तो आला, द्रौपदीसाठी आला, जनाबाईच्या जात्याशी बसला. त्या कथा भूतकाळात घडून गेलेल्या आहेत. तुकडोजींनी तोच धावा उचलला आणि पुढच्या घडीवर ठेवला. येणारा नाथ कोण, हे मात्र त्यांनी उघड सांगितलं नाही. कुणाला त्यात श्रीकृष्ण दिसला असेल, कुणाला गांधीजी, कुणाला नुसतं स्वराज्य. ही मोकळी जागा कवितेची ताकद आहे. नाव घेतलं असतं तर भजनाची पत्रिका झाली असती आणि पोलिसांना पकडणंही सोपं गेलं असतं.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रतिमांची. शस्त्र म्हणून कवी काय निवडतो? तलवार नाही, भाला नाही, इतिहासातल्या शूरांचं कोणतंही हत्यार नाही. पांदणीच्या कडेचं झुडूप आणि पायाला लागणारा धोंडा. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याही आवाक्यातल्या या वस्तू. परक्या राज्यानं माणसांची हत्यारं काढून घेतली होती, पण जमीन, दगड, झाडं काढून नेता येत नव्हती. तुमचं गाव हेच तुमचं शस्त्रागार, असं हे भजन सांगतं. त्यात एक चमत्कार गृहीत आहे, कारण धोंडा आपोआप बाँब होत नाही. तो होतो श्रद्धेनं, म्हणजे जमलेल्या माणसांच्या निर्धारानं. भक्तांची फौज होईल ही ओळ म्हणून कळीची. बाकीचे बदल वस्तूंचे आहेत, हा बदल माणसांचा आहे, आणि बाकी सगळे त्याच्यावर टेकलेले आहेत.

खंजिरीचा विचार केल्याशिवाय हे रसग्रहण अपुरं राहील. वीणेला, पेटीला, पखवाजाला बैठक लागते. खंजिरी एका हातात धरून उभ्यानं, चालत, गर्दीच्या मधोमध वाजवता येते. तिचा ठेका लहान, झणत्कार तीक्ष्ण, आणि वेग चढवत नेण्याची सोय मोठी. महाराजांच्या गायनात चाल सोपी असे, शब्द लोकांच्या बोलण्यातल्या हिंदीतले असत आणि ध्रुवपदाचा फेर दर वेळी जास्त जोरानं परते. सभेला बंदी घालता येत होती, पुढाऱ्याला भाषणबंदी करता येत होती. पण चातुर्मासात देवळापुढे भजन चाललं आहे, ते कोणत्या कलमाखाली थांबवायचं, हा त्या राज्यापुढचा खरा पेच होता. देऊळ आणि चावडी यांच्यातली भिंत या गायनानं पाडली.

मग ऑगस्ट १९४२ आला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, ९ला पहाटे नेते पकडले गेले. नेतृत्व तुरुंगात, आणि गावं मोकळी. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा सोळा वर्षांचा मुलगा पडला. खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेलेले लोक गोळ्यांना सामोरे गेले. तिथेही दोन्ही बाजूंची माणसं गेली. वरुडजवळच्या बेनोड्यानं रक्त दिलं, महाराजांच्या जन्मगावानं, यावलीनं, रक्त दिलं. या गावांच्या नावापुढे आज 'शहीद' हा शब्द लागतो. आष्टी शहीद, बेनोडा शहीद, यावली शहीद. सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर बेचाळीस कायमचा नोंदला गेला आहे.

चिमूर काही दिवस इंग्रजी अमलाबाहेर राहिलं. नंतर लष्कर शिरलं आणि जे घडलं त्याला सूड हाच शब्द आहे. घराघरांतले पुरुष पकडून नेले गेले, बायकांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं, ते १२ जानेवारी १९४३ला सुटलं. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे आणि इतर अनेकांनी त्या रद्द करवण्यासाठी जिवाचं रान केलं, आणि अखेर त्या जन्मठेपेवर आल्या. महाराजांना २८ ऑगस्ट १९४२ला चांद्यात अटक झाली. आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं, आणि २ डिसेंबरला सोडलं.

इथे वाचकानं थांबायला हवं. भजनातला धोंडा रूपक होता. चिमुरात आणि आष्टीत तो खराच धोंडा झाला. कवितेतून हिंसा जन्माला आली असं म्हणणं उथळ ठरेल. पिचलेली मनं, दडपशाही, नेत्यांची अटक आणि गोळीबार ही कारणं समोर आहेतच. पण कविता निष्पाप राहिली असंही म्हणता येत नाही. जी रचना हजारोंच्या ओठांवर गेली तिचा अर्थ एकट्या कवीच्या ताब्यात राहत नाही. तुकडोजींचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी आपलं भजन मागे घेतलं नाही, त्याबद्दल सारवासारव केली नाही, आणि तेच पुन्हा पुन्हा गाऊन वीरपणही मिरवलं नाही. ज्या लोकांना त्यांनी फौज म्हटलं होतं त्यांच्याकडे ते परत गेले आणि पुढची तेरा वर्षं या फौजेनं आता काय करायचं, या प्रश्नाला वाहिली.

पहिलं उत्तर १९४३मध्ये श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या रूपानं आलं, आणि सामुदायिक प्रार्थनेच्या रूपानं. प्रार्थनेकडेही रचना म्हणून पाहता येतं. वेळ ठरलेली. ओळी ठरलेल्या. बायका-पुरुष, जातपात न पाहता बसणं ठरलेलं. पांढरा साधा वेष, डोक्यावर भगवी टोपी, भेटल्यावर 'जय गुरु'. समोर कोणत्याही देवाची मूर्ती नाही; एक अधिष्ठान, एक आसन, ज्याच्यावर प्रत्येकानं आपला देव मनानं बसवायचा. भजनात नाथाचं नाव न सांगता जी मोकळी जागा सोडली होती, तीच इथे डोळ्यांना दिसू लागते. आणि भक्तांची फौज होईल ही ओळ इथे खरी होते. कवायतीची सगळी लक्षणं या प्रार्थनेत आहेत: रांग, वेळ, एक आवाज, एक इशारा. फक्त ती कुणावर चालून जात नाही. बेचाळीसच्या जमावाजवळ धैर्य होतं, शिस्त नव्हती. गुरुकुंजानं ती उणीव ओळखली आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासात भरून काढायचं ठरवलं.

शिस्त किती खोल मुरली याचा पुरावा दरवर्षी मोझरीत मिळतो. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी गेले. पुण्यतिथीला त्या मिनिटाला लाखोंचा समुदाय जागच्या जागी मौन उभा राहतो. गाऊन जमवलेली गर्दी गप्प राहून एक होते, हा त्या कवीच्या कामाचा फार मोठा दाखला आहे.

दुसरं आणि टिकाऊ उत्तर ग्रामगीतेचं. नावापासून सुरुवात करू. मूळ गीता रणांगणावर सांगितली गेली, आणि ऐकणारा एक होता, तोही राजपुत्र. तुकडोजींनी रणांगण बदलून गाव केलं आणि श्रोता बदलून गावकरी केला. पण प्रसंग तोच ठेवला: हातपाय गाळून बसलेल्या माणसाला कामाला उभं करण्याचा. स्वराज्य मिळून आठ वर्षं झाली होती. इंग्रज गेला होता, पण उकिरडा दारातच होता, सावकाराची वही होती, दलितांची वस्ती गावकुसाबाहेर होती. आपल्याला जे हवं होतं ते आलं, मग काहीच का बदललं नाही, हा विषाद गावोगाव पसरलेला होता. ग्रामगीता त्या विषादाला दिलेलं उत्तर आहे. हे ध्यानात घेतलं की तिच्यातल्या खताच्या खड्ड्यालाही युद्धभूमीचं गांभीर्य येतं.

रचनेत संवाद आहे. श्रोते शंका विचारतात, आक्षेप घेतात, अडचणी सांगतात, आणि कवी त्यांना घेऊन पुढे जातो. गाडगेबाबांच्या कीर्तनाशी ताडून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. दोघे एकाच मातीतले, एकमेकांना मानणारे. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच काढून घेत. ग्रामगीतेत प्रश्न लोकांचे आहेत. बेचाळीसच्या भजनाशी तुलना केली तर बदल अधिक ठळक होतो. तिथे जमाव कवीच्या मागून एकच ओळ म्हणत होता. इथे जमावातली माणसं सुटी होऊन, आपापल्या शंका घेऊन बोलू लागतात. प्रजेचा नागरिक होण्याची प्रक्रिया एखाद्या काव्यग्रंथाच्या बांधणीतच उमटावी, हे मला आधुनिक मराठी साहित्यातलं एक मोठं यश वाटतं.

अध्यायांची नावं नुसती ओळीनं वाचली तरी प्रवास कळतो. आरंभ देवदर्शनानं होतो, पण तो देव जनतेत आणि गावात दाखवला जातो. मग संघटनशक्ती, ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, गरीबी-श्रीमंती, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, जीवनशिक्षण, दलितसेवा असे विषय येतात. शेवटाकडे संतांचे चमत्कार, अवतारकार्य, प्रारब्धवाद, प्रयत्नप्रभाव, आणि मग ग्रामकुटुंब आणि भूवैकुंठ. पोथी म्हणून हाती घेतलेल्या माणसाला आधी देव दिला, मग झाडू दिला, आणि शेवटी वैकुंठ देताना तेही गावातच उतरवलं. प्रत्येक अध्यायाच्या समारोपात गुरू, शास्त्र आणि स्वतःचा अनुभव अशा तिघांची साक्ष काढली आहे. अनुभवाला शास्त्राच्या पंगतीला बसवणं ही त्या समारोपातली शांत बंडखोरी आहे.

भजनाशी सर्वांत जवळचं नातं आहे ते अवतारकार्य, प्रारब्धवाद आणि प्रयत्नप्रभाव या अध्यायांचं. भजनात नाथ येणार होता आणि आपण त्याची वाट पाहत होतो. इथे कवी त्या वाट पाहण्याचाच हिशोब घेतो. देव येऊन सगळं निस्तरेल म्हणून स्वस्थ बसलेल्या माणसाला तो सोडत नाही. नशिबात होतं ते झालं, हे गावाचं सर्वांत सोपं उत्तर तो मोडून काढतो, कारण हे उत्तर गरिबाला गप्प बसवतं आणि श्रीमंताला निर्धास्त ठेवतं. त्याच्यापुढे तो प्रयत्न उभा करतो, आणि तोही एकट्यादुकट्याचा नाही, गावाचा. भविष्यातली क्रियापदं जाऊन आज्ञेची क्रियापदं येतात. येईल, होईल, लागेल यांच्या जागी उठा, करा, शिका. भजनातला नाथ ग्रामगीतेत येतो, पण बाहेरून येत नाही. तो गावातच उठून उभा राहतो.

वस्तूंचंही तसंच होतं. भजनातला धोंडा इथे गावरस्त्यात बसतो, झुडपाच्या जागी लावलेलं झाड येतं, भक्तांची फौज सफाईला, श्रमदानाला, साक्षरतेला निघते. ज्या साध्या वस्तूंना कवीनं शस्त्रांचा मान दिला होता, त्यांना आता बांधकामाचं साहित्य म्हणून मान मिळतो. गाव हेच शस्त्रागार म्हणणारा कवी गाव हेच मंदिर म्हणू लागतो. गरिबाजवळ जे आहे त्यातच त्याची मुक्ती आहे, हा विश्वास मात्र दोन्हीकडे एकच. म्हणूनच मी या दोन्ही रचनांना एकच कविता मानतो.

ग्रामगीतेच्या काव्यगुणांबद्दल काही रसिक नाक मुरडतात. उपदेश फार, पुनरुक्ती फार, अलंकार कमी. डोळ्यांनी भराभर वाचणाऱ्याला याद्या लांबतात हे खरं आहे. पण ही ओवी गावच्या चौकात, कंदिलाच्या उजेडात, दिवसभर राबून आलेल्या माणसांसाठी मोठ्यानं वाचायला लिहिलेली आहे. पहिले तीन चरण यमकानं जुळत जातात, चौथ्यावर वाचणारा श्वास घेतो, ऐकणारा मान डोलावतो. एकाच विषयावरून ती वखरासारखी पुन्हा पुन्हा फिरते, कारण ढेकूळ एका पाळीत फुटत नाही. भाषा मराठीच, पण हिंदीच्या शेजारानं मोकळी झालेली, वऱ्हाडी कानाला जवळची. एकही शब्द अडू नये याची काळजी ओवीओवीत दिसते. सोपं लिहिणं ही या कवीची निवड होती. ती गरिबांबद्दलच्या आदरातून आली होती.

एका कवीच्या आवाजात आंदोलन आणि बांधणी एकत्र येणं फक्त इथेच घडलं असं नाही. अमेरिकेतलं १९६०चं दशक शेजारी ठेवून पाहावं. वऱ्हाडचं आणि अमेरिकेच्या दक्षिणेचं जुनं नातं कापसाचं. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिथली रुई मिळेना, आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला अचानक सोन्याचा भाव आला. गुलामी कायद्यानं गेली, पण शंभर वर्षांनंतरही मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत काळी माणसं वाट्यानं राबत होती आणि मतदार यादीत नाव घालायला जाणं हा त्यांच्यासाठी जिवाचा खेळ होता.

त्या शेतांतली एक मजूर बाई होती, फॅनी लू हेमर. १९१७चा जन्म, वीस भावंडांतली धाकटी. ३१ ऑगस्ट १९६२ला ती आणखी काही जणांबरोबर मतदार नोंदणीसाठी बसनं इंडियानोला या गावी गेली. परतताना पोलिसांनी बस अडवली, आणि घाबरलेल्या प्रवाशांत तिनं चर्चमधली गाणी म्हणायला सुरुवात केली. नोंदणीला गेली म्हणून मळ्याच्या मालकानं तिला घराबाहेर काढलं. १९६३मध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला अमानुष मारहाण झाली, आणि तिथेही कोठड्यांतून गाणी उठली. १९६४मध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिनं दिलेली साक्ष देशभर पोहोचली. प्रार्थनेच्या गाण्यांना कायदा हात लावू शकत नाही, म्हणून त्यांतून निर्भयपणा शिकायचा: चिमुरातली आणि मिसिसिपीतली माणसं एकमेकांना न ओळखता एकाच वाटेनं गेली. नागरी हक्कांच्या त्या आंदोलनाचं मुख्य गाणं पुढे गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी रूपात आपल्या शाळांच्या परिपाठात आलं, तेही या नात्याचीच खूण.

हेमरबाईंच्या गोष्टीचा पुढचा भाग मला मोझरीच्या अधिक जवळचा वाटतो. ते दशक रक्तानं माखलेलं होतं. १९६३मध्ये अध्यक्ष केनेडी, ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग, त्याच जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळ्यांना बळी पडले. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मताधिकार कायदा हाती आला होता, पण मत मिळालेली माणसं उपाशीच होती. तेव्हा, १९६९मध्ये, या गाणाऱ्या बाईनं चाळीस एकर जमिनीपासून एक सहकारी शेती सुरू केली. भाजीपाला पिकवायचा, डुकरांची जोपासना करून पिल्लं गरजू कुटुंबांना द्यायची, मालकाच्या दयेवर जगायचं नाही. गाण्यातून उठलेल्या माणसांना शेतात उभं करणं, हीच ग्रामगीतेची वाट. ती सहकारी शेती सत्तरीच्या दशकात बंद पडली. तुकडोजींच्या स्वप्नातली सगळी गावंही उभी राहिली नाहीत. पण गाणाऱ्यानं गाण्यानंतरची जबाबदारी घेतली, हे दोन्हीकडे खरं आहे, आणि ते दुर्मीळ आहे.

जगात क्रांतिगीतांची कमतरता नाही. गाणं लिहून, लोकांना रस्त्यावर आणून, मग पुढच्या विषयाकडे वळलेले कवी पुष्कळ सापडतील. ज्यांनी आपल्या गाण्याला प्रतिसाद देणाऱ्या माणसांची साथ जन्मभर सोडली नाही, असे थोडे. १९५५मध्ये महाराज जपानच्या विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला खंजिरी घेऊन गेले, राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं, पुढे नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. हे सन्मान योग्यच आहेत. पण त्यांच्या साहित्याचा खरा मान आपण ते कसं वाचतो यात आहे. आज ग्रामगीतेची पारायणं होतात, अध्यायांवर परीक्षा होतात, ओव्या भिंतींवर रंगवल्या जातात. तिच्यातला जळता प्रश्न मात्र मागे पडतो, कारण ज्या आगीतून ती निघाली तिच्याशी तिचा धागा आपण तोडला आहे.

म्हणून माझं एक मागणं आहे. ज्या गावात ग्रामगीतेचं पारायण बसेल तिथे पहिल्या दिवशी बेचाळीसचं ते भजन खंजिरीवर, पूर्ण जोमानं गायलं जावं. चिमूर, आष्टी, बेनोडा, यावली इथल्या हुतात्म्यांची नावं वाचली जावीत. मग देवदर्शनाचा अध्याय उघडावा. ग्रामशुद्धीच्या ओव्या तेव्हा सफाईची सूचना म्हणून ऐकू येणार नाहीत. सोळा वर्षांच्या बालाजीनं जे गाव मोकळं करायला जीव दिला, ते राहण्यालायक करण्याचं राहिलेलं काम म्हणून त्या ऐकू येतील. कवीनं आपल्या आयुष्यानं दोन्ही रचना जोडून ठेवल्या होत्या. वाचक म्हणून त्या पुन्हा जोडणं, आणि त्यातलं एखादं काम आपल्या गावात आपल्या हातानं पुरं करणं, हे आपल्याकडे आलेलं ऋण आहे.